चौदा मोटारींचा तह

मोनिका कोळपे खोटं बोलली नव्हती. तिनं फक्त लिहिलं होतं, आणि लिहिलेलं खोटं हे बोललेल्या खोट्यापेक्षा जरा सभ्य असतं अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

फॉर्म होता दिल्लीच्या एका संशोधन संस्थेचा. 'ऊर्जा भूराजनीती आणि प्रादेशिक सुरक्षा' या विषयातली एका वर्षाची फेलोशिप, देशभरातून चार जण घेणार. मोनिकानं पुण्यात राहून आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. केलं होतं. तुर्कमेनिस्तानचा गॅस कुणाच्या जमिनीतून कुणाकडे जायचा आहे आणि मधला देश त्यासाठी किती नखरे करतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. अडचण एवढीच की इनामगावच्या शिवारात, घोडनदीच्या काठावरच्या कोळपे वस्तीवर, तिला कुणी जागेपणीही विचारत नव्हतं. दोन वर्षं ती घरी होती. सकाळी गोठा, दुपारी तुर्कमेनिस्तान, संध्याकाळी परत गोठा. तिला दिल्लीला जायचं होतं. कुठल्याही दिल्लीला नव्हे, तर जिथं तुर्कमेनिस्तान म्हटल्यावर समोरचा माणूस 'कुठं आलं ते?' असं विचारत नाही त्या दिल्लीला.

फॉर्मच्या सातव्या पानावर एक रकाना होता : 'ऊर्जावाटपाच्या बहुपक्षीय कराराचा प्रत्यक्ष अनुभव.' तो रिकामा सोडला की फॉर्म तिथंच बाद. मोनिकानं पेनाचं टोपण चावत खिडकीबाहेर बघितलं. समोर बांधावर वस्तीचा डीपी उभा होता, दोन खांबांवरचा शंभर केव्हीएचा डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, आणि त्याच्या खाली कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत होतं. तिनं लिहून टाकलं : 'भीमा खोऱ्यातील एका वस्तीवर चौदा पक्षांमध्ये एकाच रोहित्रावरून वीज वाटून घेण्याची स्वयंशासित व्यवस्था, सन २००९ पासून अखंड कार्यरत. उमेदवार या व्यवस्थेची निरीक्षक आहे.'

यातलं रोहित्र खरं होतं. चौदा खरं होतं. २००९सुद्धा खरं होतं, कारण त्या साली डीपी बसला. अखंड म्हणावं अशी मात्र तिथं फक्त भांडणं होती.

त्याचं असं होतं. या भागात शेतीला थ्री फेज लाईट आठ तास मिळते, कधी दिवसा, तर कधी रात्री. लाईट आली की सगळ्यांत आधी आपली विहिरीवरची पाण्याची मोटार सुरू व्हावी म्हणून प्रत्येकानं आपल्या स्टार्टरच्या पेटीत 'ऑटो' बसवून घेतला होता. ऑटो म्हणजे मुठीएवढा डबा. लाईट आल्याक्षणी तो मोटार आपोआप सुरू करतो, मग मालक घरी पोहे खात असो नाहीतर सासुरवाडीला गेलेला असो. चौदांतल्या एकाकडे असा डबा असता तर त्याची चंगळ झाली असती. चौदाच्या चौदा पेट्यांत तो होता. त्यामुळे लाईट आली की चौदा मोटारी एकदम उठायच्या आणि डीपी कायमचा बसायचा. या हंगामात तो तीनदा जळला होता. नवा डीपी आणायला ट्रॅक्टर न्यायचा, तो चढवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौदा ऑटो चालू, असा सगळा शहाणपणाचा कारभार होता.

त्यात आणखी एक गुपित होतं. मंजुरी पाच हॉर्सपॉवरची, विहिरीवर मोटार साडेसातची, आणि तिच्यावर कंपनीची पट्टी पाचची. प्रत्येकाला बाकी तेराजणांचं हे गुपित ठाऊक होतं आणि आपलं तेवढं कुणाला ठाऊक नाही अशी खात्रीही होती. सगळं खरंखुरं ठाऊक असलेला माणूस एकच, शिरूरला जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान चालवणारे पाशाभाई. जळलेली प्रत्येक मोटार त्यांच्याकडे यायची. मोनिकाच्या पुस्तकांच्या भाषेत पाशाभाई एकाच वेळी शस्त्रांचे व्यापारी आणि हेरखात्याचे प्रमुख होते. प्रत्यक्षात ते साठीचे, चष्मा दोरीनं बांधलेले, भरपूर बोलणारे गृहस्थ होते.

आणि सोमवारी सकाळी दिल्लीहून ईमेल आला. मोनिकाचं नाव शेवटच्या आठांत होतं. तिनं आनंदानं म्हशीलाच मिठी मारली. मग ईमेलचा दुसरा परिच्छेद वाचला आणि म्हशीला सोडलं. 'आपण उल्लेख केलेली व्यवस्था निवड समितीला फार उल्लेखनीय वाटली. समितीच्या सदस्य डॉ. सीमा कामेरकर शुक्रवारी सकाळी दौंड स्थानकावर उतरून या व्यवस्थेची प्रत्यक्ष पाहणी करतील. आपली मुलाखत तिथंच होईल.'

सोमवार ते शुक्रवार. चौदा वैरी, एक डीपी आणि सोळा वर्षं जुना करार, जो अजून व्हायचा होता.

घरात सांगण्यासारखं माणूस एकच होतं, तिचे आजोबा ज्ञानू आबा. आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. शिरूर-दौंडच्या माळावरून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस लागायच्या आत परत यायचं. मेंढरं विकून शेती धरली त्याला तीस वर्षं झाली, पण हातातली काठी सुटली नव्हती. शेंड्याला पितळेची कडी असलेली ती काठी घेऊन आबा जेवायलासुद्धा बसायचे.

"फेलोशिप म्हंजी काय गं?" आबांनी विचारलं.

"वरीसभर अभ्यास करायचा, आबा. ऊर्जेचा आन् सुरक्षेचा."

"म्हंजी लाईटीच्या हापिसात वाचमन?"

"न्हाई हो! देशादेशांतल्या भांडणांचा. समजा एका देशात गॅस हाय आन् लांबच्या देशाला तो पायजे. मधल्या देशातनं पाईप न्यायचा. मधला म्हनतो, न्हाई जाऊ देत."

आबांनी म्हशीपुढं वैरण सरकवली. "त्यांचा डीपी कुनाच्या रानात हाय?"

 मोनिकाच्या दोन वर्षांच्या वाचनाचं सार म्हाताऱ्यानं गोठ्यात बसून एका प्रश्नात काढलं होतं. तिनं मग सगळं सांगून टाकलं. रकाना, २००९, अखंड, शुक्रवार, सगळं. तिला वाटलं होतं आबा खवळतील. आबांनी काठीची कडी नुसती फिरवली.

"आसं खोटं लिवायचं न्हाई," ते म्हणाले. "आन् लिवलंच तर खरं करायचं. किती दिस हायत?"

"चार."

"मेंढरांना चार दिसांत बोरघाट उतरवलाय म्या. ही तर मानसं हायती." मग जरा थांबून त्यांनीच कबूल केलं, "मेंढरं सोपी आसत्यात म्हना."

आबांनी तिला जुनी रीत सांगितली. वाटेत दोन कळप एकाच पाणवठ्यावर आले की मारामारी ठरलेली. आधी पिणारा पाणी गढूळ करणार आणि मागचा उपाशी नाही तरी तहानलेला राहणार. म्हणून दोघे मेंढके आपापल्या काठ्या बदलायचे. माझी काठी तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे. काठीशिवाय मेंढका पाऊल टाकत नाही, त्यामुळे पहिल्याचं पिऊन झालं की त्याला दुसऱ्याकडे जावंच लागायचं. समोरासमोर उभं राहून काठी परत द्यायची, आपली घ्यायची. आणि ज्यानं लबाडी केली त्याच्या कळपानं पुढचे आठ दिवस सगळ्यांच्या शेवटी प्यायचं.

"मोटारीला काठी कुटनं आनायची?" मोनिकानं विचारलं आणि उत्तर तिचं तिलाच सुचलं. वायरचोरांच्या भीतीनं चौदाही पेट्यांना लोखंडी झाकणं आणि कुलपं होती. ऑटो काढून टाकायचे. पेटीला कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याकडे नाही ठेवायची, वैऱ्याच्या खिशात ठेवायची. मोटार सुरू करायची तर त्याच्या दारात जायचं, पाळी विचारायची, किल्ली मागायची. एका वेळी पाच मोटारी, त्याहून जास्त नाहीत.

बुधवारी डीपीजवळच्या लिंबाखाली चौदाजण जमले. पंच म्हणून पाशाभाईंना बोलावलं होतं, कारण त्यांच्यासमोर हॉर्सपॉवर चोरून ठेवण्यात अर्थ नव्हता. बैठक चौदांची असली तरी प्रश्न दोघांचाच होता. नदीकडच्या सातजणांचे पुढारी आबा आणि वरच्या रानातल्या सातजणांचे पुढारी रोहिदास आप्पा. नऊ वर्षांपूर्वी एकदा डीपी जळला तेव्हा दोघांनी एकमेकांवर आळ घेतला होता, तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायची वेळ आलीच तर तिसऱ्या माणसाकडे बघून बोलायचे.

"पाशाभाय, त्येन्ला सांगा," रोहिदास आप्पा म्हणाले, "किल्ली द्यायला आपली ना न्हाई. पर आधी त्येन्ला ऑटो काढाया लावा."

पाशाभाईंनी आबांकडे मान वळवली. आबा चार हातांवरच बसले होते.

"पाशाभाय, त्येन्ला म्हनावं, काढला म्हनून समज."

"या अल्ला," पाशाभाई म्हणाले, "मी वायरमन हाय का वायर?"

सगळे हसले, अगदी ते दोघंही, फक्त वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. तेवढ्यावर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं दिल्लीच्या बाईंच्या नावानं झालं. बाई पाहुण्या म्हणून येणार आणि त्यांच्यासमोर डीपी जळणार, ही नामुष्की कुणालाच नको होती. काहीजणांची तर अशी ठाम समजूत झाली की बाई खूश झाल्या तर दुसरा डीपी मंजूर होणार. मोनिकानं दोनदा सांगितलं की असं काही नाही. लोकांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे गुपित ठेवायचं असतं हे आम्हाला कळतं, असं. तिसऱ्यांदा सांगायचा तिनं आळस केला.

गुरुवारी किल्ल्या बदलल्या गेल्या. आबांची किल्ली रोहिदास आप्पांच्या खिशात गेली, आप्पांची आबांच्या कडदोऱ्याला बांधली गेली. जो तो 'ऑटो काढला, काढला' असं शपथेवर सांगत होता. मोनिकानं रात्री जेवताना फॉर्मची प्रत पुन्हा वाचली. आता सगळं खरं होतं. फक्त साल तेवढं सोळानं चुकलं होतं.

शुक्रवारी दौंडला बाईंना आणायला पाशाभाई गेले, कारण त्यांना तांब्याची तार आणायची होतीच आणि वस्तीच्या ओळखीत चालू स्थितीत असलेलं चार चाकी वाहन त्यांचंच होतं. साडेनऊच्या सुमाराला पिकअप लिंबाखाली येऊन थांबला. मागं तीन जळक्या मोटारी होत्या आणि पुढं डॉ. सीमा कामेरकर. साठीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि मांडीवर पाशाभाईंनी घेऊन दिलेली भेळेची पुडी. दिल्लीत त्यांचा दरारा असेल, इथं त्या एखाद्या लग्नाला लवकर पोचलेल्या मावशीसारख्या दिसत होत्या.

"मूळची मी देवगडची," त्या मोनिकाला म्हणाल्या. "मराठीत बोललीस तरी चालेल. दाखव तुझा करार."

मोनिकानं दाखवला. डीपी दाखवला, कुलपं दाखवली, कुणाची किल्ली कुणाकडे याचा वहीत काढलेला नकाशा दाखवला. बाई नकाशा डोळ्यांजवळ धरून बघत राहिल्या. त्यांनी मोजके प्रश्न विचारले. किल्ली हरवली तर? दुसरी किल्ली करून घेतली तर? एकजण आजारी पडला तर? प्रत्येक प्रश्नाला कुणीतरी उत्तर दिलं. पुढचा प्रश्न त्यांनी सहज विचारला.

"आणि हे २००९ पासून असंच चालू आहे?"

तेरा माणसांनी मोनिकाकडे बघितलं. चौदावे आबा, ते जमिनीकडे बघत होते.  "लाईट आली की सगळं दिसेलच, मॅडम," ती म्हणाली. हे उत्तर नव्हतं हे तिलाही कळत होतं.

सव्वादहाला लाईट यायची होती. डीपीच्या खांबावर तीन फेजचे तीन दिवे टांगलेले होते. सगळे माना वर करून दिव्यांकडे बघत बसले. पाशाभाईंनी सवयीनं आपल्या जळक्या मोटारींकडे बघून आणखी दोनांची जागा आहे का ते तपासून घेतलं.

दिवे लागले. एक, दोन, तीन. आणि काहीच झालं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा लाईट आल्यावर वस्तीवर शेळीचं ओरडणं ऐकू आलं. कुणी हललं नाही. रोहिदास आप्पांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं, मोनिकाला तर ओरडावंसं वाटत होतं. झालं होतं! खरोखर झालं होतं!

तेवढ्यात नदीच्या अंगाला घर्र असा आवाज आला. मग हौदात पाणी पडायला लागलं. धो धो, साडेसात हॉर्सपॉवरचं.

चौदा माना हळूहळू वळल्या. विहीर कोळप्यांची होती.

रोहिदास आप्पांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. पेटीला कुलूप होतं, किल्ली इथं होती, तरीही मोटार चालू झाली होती. याचा अर्थ लिंबाखालच्या प्रत्येकाला कळला. डबा आत होता.

आबा काठीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा मोनिकानं असा कधी पाहिला नव्हता. चोरी करताना सापडलेल्या पोराचा चेहरा पंचाहत्तरीच्या माणसाला शोभत नाही. तिला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांची इतकी दया आली की राग कुठं ठेवावा ते कळेना.

"मला वाटलं," आबा म्हणाले, "बाकीचं कुनीबी काढनार न्हाई. समदे तोंडानं काढला म्हनत्याल आन् आत तसाच ठिवत्याल. मग आपनच येडं कशाला व्हायचं."

 मग रोहिदास आप्पा म्हणाले, "मलाबी तसंच वाटलं व्हतं. पर म्या काढला."

खरं सांगायचं तर मोनिकाच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. 'नियम मोडला तर काय होतं हे दाखवण्यासाठी आम्ही हे मुद्दाम ठेवलं होतं, मॅडम.' छान वाक्य होतं, फॉर्ममध्ये शोभलं असतं. बाईंना खरं वाटलं असतं की नाही कोण जाणे, पण दिल्ली त्या वाक्याच्या पलीकडेच उभी होती. मोनिकानं आबांकडे बघितलं. चौदा माणसांसमोर त्यांनी आपला खोटेपणा उघड्यावर मांडला होता आणि ते एकाही माणसामागे लपले नव्हते.

"ती मोटार आमची आहे, मॅडम," मोनिका म्हणाली. "आणि हा करार २००९चा नाही. कालचा आहे. २००९ साली फक्त डीपी आला. मी रकाना भरायचा म्हणून ते लिहिलं. खोटं लिहिलं. आमच्या घरातले दोघंही आज एकदमच सापडलो."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, एवढंच.

 डॉ. कामेरकरांनी भेळेची पुडी नीट बांधून पिशवीत टाकली आणि बाकीच्यांना विचारलं, "नियम मोडला तर काय ठरलंय?"

आता सगळेच चुळबुळ करायला लागले. ठरलेलं सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाहुण्यांसमोर म्हाताऱ्या माणसाला शिक्षा सांगायची कुणी? नदीकडचे वरच्यांकडे बघायला लागले, वरचे झाडाकडे. रोहिदास आप्पा उठले. सवयीनं त्यांनी पाशाभाईंकडे मान वळवली, तोंड उघडलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, मान परत फिरवून ते सरळ आबांसमोर जाऊन उभे राहिले.

"ज्ञानूआबा," ते म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "तुमची पाळी आठ दिस शेवटची."

"बरुबर हाय," आबा म्हणाले.

"माझ्यावर राग धरू नका."

"राग कशाचा? रीत माझीच हाय." आबांनी हातातली काठी पुढं केली. "ही घे. किल्ली लोखंडाची, ती कुनाचीबी आसंल. ही माझी हाय. आठ दिस तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

आप्पांनी काठी दोन्ही हातांनी घेतली. पाशाभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्या दिवशी लिंबाखाली त्यांना निरोप पोचवायचं काहीच काम उरलं नव्हतं. मग आबांचा ऑटो सगळ्यांदेखत काढला गेला, पहिल्या पाच मोटारी पाळीनं सुरू झाल्या आणि तिन्ही दिवे संध्याकाळपर्यंत जळत राहिले.

दुपारी पिकअपमध्ये चढताना डॉ. कामेरकरांनी मोनिकाला जवळ बोलावलं. "हे पाशाभाई फार बोलतात," त्या म्हणाल्या. "भीमेचा पूल ओलांडायच्या आत त्यांनी मला सांगून टाकलं होतं की या एका डीपीच्या एकेचाळीस मोटारी त्यांनी आजवर भरून दिल्यात. करार अखंड असता तर एकेचाळीस मोटारी जळल्या असत्या का?"

"म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"मी फक्त वाट बघत होते."

"आणि मी सांगितलं नसतं तर?"

"तर मी परतीची गाडी आधीची पकडली असती." निकालाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. समिती ठरवील, म्हणाल्या, आणि खिडकीची काच खाली करून पाशाभाईंना विचारलं, की त्या साडेसातच्या मोटारींवर पाचच्या पट्ट्या येतात तरी कुठून? पाशाभाई पहिल्यांदाच गप्प बसले.

पुढचे आठ दिवस कोळप्यांची पाळी शेवटची, म्हणजे संध्याकाळी पाचनंतरची, लाईट जायला तासभर उरला असताना. आबांना लाज वाटायची म्हणून किल्ली मागायला मोनिकाच जायची. पहिल्या दिवशी ती रोहिदास आप्पांच्या अंगणात उभी राहिली, किल्ली घेतली आणि निघाली. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, पाणी विचारलं. तिसऱ्या दिवशी चहा झाला. चौथ्या दिवशी आत बसायला बाज टाकली गेली, आणि भिंतीला टेकून उभी असलेली आबांची काठी मोनिकाला दिसली. काठीला कुणीतरी तेल लावलं होतं.

सहाव्या दिवशी आप्पांनी विचारलं, "ते तुझं गॅसवालं देश. मधला देश पाईप आडवतो म्हनतीस. मग त्या मधल्याची किल्ली कुनाच्या खिशात आसती?"

 ही बाब मोनिकानं वाचलेल्या एकाही लेखात नव्हती. तिनं वही काढली आणि प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतला.

"लिवलंस का? खाली नाव घाल माझं," आप्पा म्हणाले.

ईमेल आला तो आठव्या दिवशी, ती किल्लीसाठी हात पुढं करून उभी असताना. फोन वाजला म्हणून तिनं बघितलं आणि हात तसाच राहिला. निवड झाली होती. अट एक : सातव्या पानावरची नोंद स्वतःच्या हातानं दुरुस्त करून पाठवायची, सालासकट. आणि पुढं लिहिलं होतं की समितीच्या मते उमेदवाराचा तुर्कमेनिस्तानचा प्रस्ताव ठीक आहे, पण आठ दिवसांचा एक करार टिकतो की मोडतो हे पाहण्याची संधी समितीला जास्त मोलाची वाटते. म्हणून पहिला आणि शेवटचा महिना दिल्लीत. मधले दहा महिने क्षेत्रीय अभ्यास : इनामगाव, कोळपे वस्ती, रोहित्राशेजारी.

तिनं ते तीनदा वाचलं. दिल्ली दोन महिन्यांची झाली होती आणि उरलेलं वर्ष त्याच खिडकीतून दिसणाऱ्या त्याच डीपीखाली घालवायचं होतं. सकाळी गोठा, दुपारी डीपी. तिला हुंदका आला आणि मधेच हसू फुटलं. दोन्ही एकदम आल्यामुळे पार्वतीबाई घाबरून पाणी घेऊन धावल्या. तिला वाईट वाटलं होतं, ते खोटं नाही. पण जे खोटं लिहून ती इथून निघणार होती, तेच आता तिला इथं राहून एकेक दिवस खरं करायचं होतं, आणि यात कुणाची तक्रार करायची तर आपल्याशिवाय दुसरं कुणी सापडत नव्हतं.

थोड्या वेळानं आबा स्वतःच आले. मोनिकानं त्यांना ईमेल सांगितला. आठ दिवस भरले होते. आप्पांनी आतून काठी आणली आणि पुढं केली.

"तुमची ठेव, ज्ञानूआबा."

आबांनी हात पुढं केला, कडीवरून अंगठा फिरवला आणि हात मागं घेतला. "पोरगी सांगती, हिला वरीसभर हे टिकवून दाखवायचंय," ते म्हणाले. "मग काठी हितंच बरी. माझा मला भरवसा न्हाई. परत कवा डबा बसवीन सांगता येत न्हाई."

"आन् चालायचं कसं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

 पायऱ्या उतरताना आबांनी मोनिकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बांधाच्या वाटेला लागले. हात चांगलाच जड होता. मोनिकाच्या एका मुठीत किल्ली होती आणि दुसऱ्या हातात फोन, त्यावर अजून तो ईमेल उघडाच होता. लाईट जायला अर्धा तास उरला होता, म्हणून ती भराभर पाय उचलत होती.

"जरा दमानं चाल की," आबा म्हणाले. "दिल्ली काय पळून चाललीय का?"

मोनिकानं फोन खिशात टाकला आणि ती दमानं चालायला लागली.